तळटीप उघडा, मग शेरा लिहा

मॅडम, मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका विधी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. कायद्याच्या एका जर्नलच्या संपादकांनी मला पहिल्यांदाच एक पेपर रिव्ह्यू करायला पाठवला आहे. विषय सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे किनारा नियमन क्षेत्राचे नियम, आणि मच्छीमारांची घरं. मुदत चार आठवडे. मी हो म्हटलं, पण पेपर उघडल्यापासून हातपाय गार पडलेत. लेखकाचं नाव झाकलेलं आहे, तरी वाडीचं वर्णन आणि तळटीपा वाचून एलएल.एम.ला मला शिकवलेल्या सरांचाच तो असावा असं वाटतं. पेपरचं म्हणणं असं की २०१९च्या नियमांनी सवलत पर्यटनाला दिली आणि मच्छीमार होता तिथेच राहिला. मला हे पटत नाही. (आमच्या सासरचाही किनाऱ्यावर होमस्टे आहे. पर्यटनाने गावात काय बदललं ते मी रोज बघते.) पेपरचं इंग्रजी अडखळतं. एक सहकारी म्हणतात, ‘दोन ओळी लिहा, मायनर रिव्हिजन टाका आणि मोकळ्या व्हा.’ दुसरे म्हणतात, एआयला द्या, पाच मिनिटांत रिपोर्ट हातात. आमच्या कॉलेजात पैसे भरून घ्यायचे डेटाबेस नाहीत. मुळात मी या कामाला लायक आहे का, हेच कळत नाही.

— एक प्राध्यापिका

नमस्कार.

पत्र छापताना पेपर ओळखू येईल असे तपशील मी काढले आहेत, काही बदलले आहेत. रिव्ह्यूला आलेला पेपर गोपनीय असतो. तो प्रसिद्ध होईपर्यंत त्यातलं म्हणणं कुणाला सांगायचं नाही, स्टाफरूममध्येही नाही. दोन सहकाऱ्यांशी तुमचं बोलणं झालेलं दिसतं. ते आता तिथेच थांबवा.

तुम्ही सरांच्या ओळखीने घाबरला आहात, पण पत्रातली जास्त वजनाची गोष्ट तुम्ही कंसात टाकली आहे. सासरचा होमस्टे. पेपर म्हणतो की नियमांतल्या सवलतींचा फायदा पर्यटनाला झाला, आणि तुमच्या घरात त्या पर्यटनाचा पैसा येतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गुहागरपासून तारकर्लीपर्यंत कितीतरी घरं आज त्यावर चालतात. पण संपादकांना हे माहीत असायलाच हवं. प्रकाशनातल्या नीतिनियमांसाठी १९९७ साली सुरू झालेली ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ ही संस्था रिव्ह्यूअरला हेच सांगते: आर्थिक, व्यावसायिक, वैयक्तिक कुठलाही संबंध असेल तर आधी सांगा, आणि तो अडचणीचा आहे की नाही याची खात्री नसेल तर संपादकांना विचारा. ठरवायचं त्यांनी आहे. पुढचं पान उलटण्याआधी त्यांना चार ओळींची मेल करा: ‘पेपरच्या विषयाशी माझ्या कुटुंबाचा आर्थिक संबंध येतो, सासरच्या मंडळींचा किनाऱ्यावर होमस्टे आहे. शिवाय लेखक कोण असावेत याचा मला अंदाज आला आहे. तो खरा असेल तर त्यांनी मला एलएल.एम.ला शिकवलं आहे. मी रिव्ह्यू करावा की नाही, कृपया कळवावं.’ सरांचं नाव लिहू नका. त्यांनी विचारलं तरच सांगा. आणि होमस्टेला सीआरझेडची नोटीस आलेली असेल किंवा परवानगीचा अर्ज कुठे अडकलेला असेल, तर विचारायचीही गरज नाही. सरळ नकार कळवा.

सरांबद्दल आणखी थोडं. अंदाज खरा की खोटा हे बघायला गूगलवर पेपरचं शीर्षक शोधू नका. नाव झाकलेलं ठेवण्यात दोघांचं भलं असतं, आणि आपल्याकडे किनाऱ्याच्या कायद्यावर लिहिणारी माणसं इतकी थोडी आहेत की एवढा अंदाज कुणालाही येईल. पूर्वी कधीतरी शिकवलं, एवढ्यावरून बहुतेक संपादक तुम्हाला थांबवणार नाहीत. पण त्यांच्याकडे पीएच.डी.ला नोंदणी करायचं मनात असेल, किंवा एकत्र काही लिहायचं बोलणं चालू असेल, तर हे काम तुमचं नव्हे. ज्याच्या सहीवर उद्या आपलं काम अडणार आहे, त्याच्या पेपरवर आज मोकळेपणाने लिहिता येत नाही, कितीही ठरवलं तरी.

संपादकांनी ‘करा’ म्हटलं असं धरून पुढचं लिहिते.

लायक आहात का? मला तर वाटतं, तुम्हाला विचारलं म्हणजे संपादकांनी डोकं वापरलं. अमेरिकेत बहुतेक लॉ रिव्ह्यू विद्यार्थी चालवतात, हार्वर्डचा तर १८८७ पासून. आपल्याकडच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांची कितीतरी जर्नलंही विद्यार्थी संपादित करतात. ही मुलं हुशार असतात, तळटीपांची मांडणी काटेकोर तपासतात. पण पेपरात सगळीकडे नुसतं ‘कोळी’ लिहिलेलं दिसलं, तर रत्नागिरीच्या खारवीवाड्यांचं आणि सिंधुदुर्गातल्या गाबितांचं काय, हा प्रश्न त्यांच्या मनात येणार नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारा आणि ट्रॉलरवर जाणारा यांची किनाऱ्यावरची गरज वेगळी असते. जाळी वाळवायला, होड्या ओढून ठेवायला, सुकटीला जागा लागते, आणि पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत तर यांत्रिक होड्या आणि त्यांची जाळी वरच येतात. ‘घर’ म्हणजे नेमकी किती जागा, हे ज्या पेपरात मोजलं जाणार आहे त्याला हे माहीत असलेला वाचक हवा. तसंच ‘कोकणातल्या माणसाला उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागते’ असं वाक्य आढळलं, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचे खटले मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात हे तुम्ही सहज सांगाल. दिल्लीतल्या रिव्ह्यूअरच्या नजरेतून ते सुटेल.

आता वाचायचं कसं. पहिलं वाचन पेन न घेता करा आणि शेवटी लेखकाचा दावा आपल्या शब्दांत तीन वाक्यांत लिहा. लिहिता आला नाही, तर तोच तुमच्या रिपोर्टातला पहिला मुद्दा. दुसऱ्या वाचनाला तळटीपा उघडायच्या. माझा सगळा आग्रह इथे आहे, आणि बहुतेक रिव्ह्यू इथेच कच्चे राहतात. कायद्याचा पेपर आधारावर उभा असतो. ‘न्यायालयाने असं म्हटलं आहे’ या वाक्याखाली जो आकडा आहे, त्या परिच्छेदात न्यायालयाने खरंच तसं म्हटलं आहे का, हे बघणारा छापण्याआधीचा शेवटचा माणूस तुम्ही आहात. शंभर तळटीपा असतील तर सगळ्या तपासणं शक्य नाही. मुख्य युक्तिवाद ज्यांच्यावर टेकला आहे तेवढ्या मात्र एकही न सोडता उघडा.

उघडल्यावर काय सापडतं? सगळ्यात जास्त सापडते ती एकच गोष्ट: निकालपत्रात वकिलाचा युक्तिवाद नोंदवलेला असतो आणि लेखकाने तो न्यायालयाचं मत म्हणून उचललेला असतो. मजकूर अक्षर न् अक्षर बरोबर, परिच्छेद क्रमांकही बरोबर. पण वर दोन पानं गेलात की ‘याचिकाकर्त्यांच्या वतीने असं प्रतिपादन करण्यात आलं की’ अशी सुरुवात दिसते. याच जातीचे आणखी घोटाळे म्हणजे अल्पमताच्या निकालपत्रातलं वाक्य बहुमताचं म्हणून येणं, अंतरिम आदेश अंतिम निकाल म्हणून येणं, आणि हेडनोट. हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, निकाल छापणाऱ्या लॉ रिपोर्टरच्या संपादकाने लिहिलेली असते, न्यायमूर्तींनी नव्हे, तरीही ती अवतरणचिन्हांत येते.

मग तो निकाल आज उभा आहे का, ते बघा. सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी वनशक्ती खटल्यात ‘आधी बांधकाम, मागाहून पर्यावरण मंजुरी’ ही पद्धत बेकायदा ठरवली. पर्यावरणावर लिहिणाऱ्यांनी तो निकाल लगेच पेपरात घेतला, आणि ते साहजिकच होतं. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो मागे घेतला. मधल्या काळात लिहून पाठवलेला पेपर तुमच्यासमोर आला असेल, तर लेखकाची त्यात चूक नाही. पण तुम्ही ते सांगितलं नाही, तर जर्नलच्या पानांवर मागे घेतलेला निकाल चालू कायदा म्हणून छापला जाईल. सांगताना हेही सुचवा की मे महिन्याच्या निकालातली कारणमीमांसा आणि नोव्हेंबरमधलं अल्पमत लेखकाला आपल्या युक्तिवादासाठी वापरता येईल, फक्त ते काय आहे हे नीट लिहून.

डेटाबेस नाही म्हणून अडू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर ई-एससीआरमध्ये प्रकाशित निकाल जानेवारी २०२३ पासून मोफत मिळतात, मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल त्याच्या संकेतस्थळावर आहेत, इंडियन कानून हे निकाल शोधायचं संकेतस्थळ आहेच. एखादा जुना निकाल कुठेच सापडला नाही, तर संपादकांकडे प्रत मागा. ते मागणं तुमचा हक्क आहे. आणि तरीही तो कुठेच नसेल, तर लेखकाला प्रत द्यायला सांगा. न्यूयॉर्कच्या माटा विरुद्ध एव्हियांका खटल्यात २०२३ साली वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल न्यायालयात दिले आणि ५,००० डॉलरचा दंड झाला. असे निकाल आता पेपरांतही शिरू शकतात, म्हणून ‘सापडत नाही’ हा शेरा लिहायला संकोचू नका. आरोप न करता, नुसतं ‘सापडलं नाही, प्रत द्यावी’ एवढंच.

तुमच्या विषयात अधिसूचनेचा मजकूरही उघडावा लागेल. सीआरझेडच्या तीन मोठ्या अधिसूचना आल्या, १९९१, २०११ आणि २०१९ साली. पेपरात ‘२०१९ने ना-विकास क्षेत्र २०० मीटरवरून ५० मीटरवर आणलं’ (ना-विकास क्षेत्र म्हणजे नवं बांधकाम सहसा करता न येणारा पट्टा) असं सरसकट वाक्य असेल, तर तिथे थांबा. ५० मीटर ग्रामीण भागातल्या फक्त तीन-अ गटाला आहेत, म्हणजे २०११च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त घनता असलेल्या भागाला. बाकीचा ग्रामीण भाग तीन-ब, आणि तिथे भरतीरेषेपासून २०० मीटर कायम आहेत. रत्नागिरी जिल्ह्याची त्या जनगणनेतली घनता दोनशेच्याही आत होती. एखादी दाट वस्तीची मच्छीमार वाडी तीन-अ मध्ये बसेलही, पण ते लेखकाने दाखवायला हवं. शिवाय नव्या अधिसूचनेप्रमाणे किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर होईपर्यंत २०११चीच व्यवस्था चालू राहते, असं २०१९ची अधिसूचना स्वतःच सांगते. म्हणून लेखकाने बांधकामाच्या ज्या घटना दिल्या असतील, त्यांतली प्रत्येक कुठल्या तारखेची आणि तेव्हा तिथे कुठला आराखडा लागू होता, हे विचारा. खाडीचंही तसंच. २०११मध्ये खाडीकाठी १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी कमी असेल ते धरलं जायचं, २०१९मध्ये १००च्या जागी ५० आले. कोकणातली निम्मी भांडणं खाडीकाठची असतात, असं मला वाटत आलं आहे. पेपर फक्त समुद्राबद्दल बोलत असेल तर तेवढं मोठं अंग बाहेर राहतं.

यातून तुमच्या ‘मला पटत नाही’चं उत्तरही मिळतं. निष्कर्ष पटला नाही म्हणून पेपर पडत नाही. प्रश्न एवढाच: या आधारांवरून हा निष्कर्ष निघतो का? वरच्या तपशिलांनी लेखकाचा दावा लंगडा होईल, किंवा उलट जास्तच पक्का होईल. तीन-ब मध्ये २०० मीटर कायम आणि किनाऱ्यावर भरतीरेषेपासून १० मीटर सोडून तात्पुरत्या पर्यटन सोयींना मुभा, हे २०१९मधलं चित्र शेजारी ठेवलं, तर त्यांच्या बाजूलाही बरंच आहे. मात्र २०११ने पारंपरिक किनारी समाजाच्या घरांना १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात ठेवलेली वाट त्यांनी विचारात घेतली आहे का, हे विचारा. तुमच्या गावात पैसा आला हा तुमचा अनुभव खरा आहे. रिपोर्टात तो ‘पर्यटनातून मच्छीमार कुटुंबांना मिळणाऱ्या उत्पन्नाचा विचार केलेला दिसत नाही, तो करावा’ अशा मागणीच्या रूपातच येऊ द्या.

एका गोष्टीकडे मात्र कायद्याचे रिव्ह्यूअर बघतच नाहीत, आणि तुम्ही बघावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. वाडीच्या वर्णनावरून तुम्हाला लेखक ओळखता आला, म्हणजे त्या वर्णनावरून वाडीही ओळखता येते. मुलाखत देणाऱ्या बाईने मोकळेपणाने सांगितलं असेल की मागची पडवी दिराच्या लग्नात परवानगीशिवाय वाढवली, जमीन सातबाऱ्यावर आमच्या नावाची नाही. पेपरात ते वाडीच्या नावासकट, देवळापासून कितवं घर अशा खुणेसकट आलं, तर तो पेपर उद्या कुणीही तक्रारीला जोडेल. मच्छीमारांच्या बाजूने लिहिलेल्या पेपरामुळेच तिला नोटीस येईल. संमती कशी घेतली, ती मराठीत किंवा मालवणीत समजावली का, संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी होती का, आणि छापताना वाडी, घर, माणूस ओळखू येणार नाही असं काय केलं, हे विचारा. माझ्या लेखी हा मुद्दा ‘किरकोळ दुरुस्त्या’मध्ये बसत नाही.

इंग्रजीबद्दल फार बोलायला नको. भाषा दुरुस्त करणं संपादकांचं काम आहे. अर्थ लागत नसेल तेवढी वाक्यं दाखवा. अडखळत्या इंग्रजीत चांगला विचार असतो आणि सफाईदार इंग्रजीत पोकळ, आणि आपल्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्यांनी हे विसरता कामा नये.

एआयला द्या म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा. दुसऱ्याचं अप्रकाशित, गोपनीय लिखाण बाहेरच्या यंत्रणेत टाकणं हा विश्वासघात आहे, आणि बऱ्याच प्रकाशकांनी रिव्ह्यूअरना तशी स्पष्ट बंदीही केली आहे. शिवाय परिच्छेद उघडून बघण्याचं जे काम वर सांगितलं, ते यंत्राच्या शब्दावर सोडता येत नाही. मायनर रिव्हिजनवाले सहकारी तुमच्या वेळेची काळजी करत असतील, पण तो सल्ला मला मान्य नाही. यूजीसीने फेब्रुवारी २०२५मध्ये मान्य जर्नलांची केअर यादी बंद केली. आता कुठलं जर्नल खरं आणि कुठलं पैसे घेऊन छापणारं, हे ओळखायला आत खरा रिव्ह्यू होतो की नाही, हीच मोठी खूण उरली आहे. दोन ओळींचा रिपोर्ट लिहिला की ती खूण आपणच पुसतो.

रिपोर्ट लिहिताना पहिला परिच्छेद पेपर काय म्हणतो याचा ठेवा, म्हणजे आपलं म्हणणं समोरच्याला कळलं आहे हे लेखकाला दिसेल. मग पेपरात काय चांगलं आहे ते नेमकं लिहा. त्यानंतर मोठे मुद्दे, प्रत्येकाशी पान आणि तळटीप क्रमांक, आणि काय केलं तर तो सुटेल ते. ‘साहित्याचा आढावा अपुरा’ असा मोघम शेरा लेखकाच्या काही उपयोगाचा नाही. कुठला निकाल, कुठली अधिसूचना सुटली ते सांगा. स्वीकारा किंवा नाकारा ही शिफारस लेखकाच्या भागात लिहू नका. ती संपादकांसाठीच्या वेगळ्या रकान्यात जाते, आणि वाडी ओळखू येण्याची भीती तिथेही पुन्हा सविस्तर लिहा. तुमचंही नाव झाकलेलं राहायला हवं, म्हणून ‘आमच्याकडे रत्नागिरीत’ असं काही येऊ देऊ नका आणि स्वतःचा पेपर वाचायला सुचवू नका. वर्डची फाइल पाठवणार असाल तर तिच्या प्रॉपर्टीजमधलं लेखकाचं नाव काढा. बाजूच्या कॉमेंटवरही तुमचं नाव उमटतं. त्यापेक्षा मजकूर जर्नलच्या पोर्टलवरच्या चौकटीत टाका.

कॉलेजच्या परीक्षांचे पेपर याच महिन्यात तपासायचे असतील आणि चार आठवडे पुरणार नसतील, तर होमस्टेच्या मेलमध्येच दोन आठवडे वाढवून मागा. संपादक बहुधा देतात. त्यांना त्रास होतो तो शेवटच्या दिवसानंतर गप्प बसणाऱ्या रिव्ह्यूअरचा. मानधन मिळणार नाही, पण रिव्ह्यू केल्याचं पत्र मागून घ्या. पेपर दुरुस्त होऊन परत आला आणि पुन्हा बघाल का असं विचारलं, तर शक्यतो हो म्हणा. त्या वेळी फक्त आधीचे मुद्दे सुटले का तेवढंच बघा, पहिल्यांदा न सुचलेल्या नव्या मागण्या काढू नका. मधल्या काळात कायदा बदलला असेल किंवा एखादा निकाल फिरला असेल, तर तेवढा अपवाद करा.